कुंभाराची मजुरी

हस्तव्यवसायाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात कारागिराच्या हातांचे कौतुक पुष्कळ असते. बोटांतली जादू, मातीशी नाते, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा वगैरे शब्द ठरलेलेच आहेत. परंतु हा कारागीर बाजारातून परत येऊन पैसे मोजतो तेव्हा त्याच्या डोक्यात कोणता हिशोब चालतो, यावर फारसे कोणी लिहीत नाही. मी कुंभाराच्या घरची मुलगी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. अर्थशास्त्राच्या तासाला ‘उत्पादन खर्च’ हा शब्द ऐकला तेव्हा तो आमच्या परसातल्या आव्याला लावून पाहावा असे वाटले. लहान धंदा चालविण्यास जी वृत्ती लागते, तिची सुरुवात त्या शब्दापासून होते असे माझे मत झाले आहे.

कुंभार हा मुळात दुकानदार नव्हे, तो बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यात या जुन्या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आहे. वर्षभर घरोघर मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचे. या व्यवहारात एकेका मडक्याला किंमत अशी नव्हतीच. शिवाय बलुते मागताना मान खाली असे, हेही विसरता येत नाही. पुढे बलुते गेले आणि रोख पैसा आला. परंतु किंमत सांगण्याचे धैर्य काही त्याच्याबरोबर आले नाही. आजही बाजारात गिऱ्हाइकाने “मामा, केवढ्याला?” म्हणून विचारले की आमचे आप्पा म्हणतात, “द्या समजून.” आणि गिऱ्हाईक समजून देते ते स्वतःच्या सोयीने!

आता हिशोबाकडे वळू. उन्हाळ्यातला माठांचा एक आवा घ्या. माती, वाळू, लीद मिळून १,२०० रुपये. लाकूड, गोवऱ्या, भुसा यांचे १,८०० रुपये. टेंपोचे ६०० रुपये. एकूण ३,६००. आव्यात ६० माठ रचले. त्यांतले काही भाजताना तडकतात, काही उतरविताना जातात. आठ गेले असे धरू. राहिले ५२. म्हणजे एका माठाला जवळजवळ ७० रुपये खर्च आला. व्यापारी जागेवरून १२० रुपयांनी उचलतो. आप्पा म्हणतात, “पन्नास रुपये सुटले की!” वरवर पाहता हे खरेच आहे. ५२ माठांचे ६,२४० रुपये आले, खर्च वजा जाता २,६४० उरले.

परंतु हे माठ केले कोणी? आई, आप्पा आणि भाऊ, तिघे मिळून आठ दिवस राबले. माती कुटणे, चाळणे, भिजविणे, तुडविणे, चाकावर घडविणे, थापटण्याने ठोकून वाढविणे, वाळविणे, काव लावणे, आवा रचणे आणि रात्रभर राखणे. तीन माणसांचे आठ दिवस म्हणजे २४ दिवसांची मजुरी. २,६४० ला २४ ने भागा, ११० रुपये येतात. एवढ्या पैशात आमच्या गावी शेतावर कोणी कामाला येणार नाही. दिवसाला केवळ ३०० रुपये मजुरी धरली तरी तो माठ २०८ रुपयांना पडतो. म्हणजे १२० ला विकला तेव्हा पन्नास रुपये सुटले नाहीत, ८८ रुपये आपल्या अंगातून गेले.

हा आकडा घरी दाखविला तेव्हा आप्पा हसले. “घरच्या माणसाची कसली गं मजुरी?” या एका वाक्यात आपल्या सगळ्या हस्तव्यवसायांचे दुखणे आहे. विकतची वस्तू तेवढी खर्चात धरायची आणि स्वतःचे अंग फुकटात. त्यातही बाईचे अंग तर दुप्पट फुकटात! चाकावर बहुधा पुरुष बसतो म्हणून मडके त्याचे. पण माती चाळण्यापासून बाजारात पाटी मांडून बसण्यापर्यंतची निम्मीअधिक कामे बाई करते, आणि ती कोणत्याच रकान्यात येत नाहीत. विणकराकडे पाहा, बुरुडाकडे पाहा, चित्र फारसे निराळे दिसणार नाही. लोक कारागिराला ‘कलावंत’ म्हणतात तेव्हा मला थोडी शंकाच येते. कलावंत म्हटले की मजुरी विचारायची सोय राहत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. आमचा धंदा सणांवर चालतो: संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, अक्षय तृतीयेची घागर, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. सण कोणासाठी थांबत नाही. पावसाळ्यात कच्चा माल वाळत नाही, उघडा आवा पेटविता येत नाही. म्हणून घटांची आणि पणत्यांची तयारी पाऊस लागण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. म्हणजे पैसे आज गुंतवायचे आणि चार महिन्यांनी मोकळे करायचे. येथेच व्यापारी येतो, उचल देतो आणि त्याच दिवशी भावही ठरवून जातो. उचल म्हणजे मदत असे आमच्याकडे समजतात. मला ती भावाच्या गळ्यातली दोरी वाटते.

उचल लागते ती बहुधा एकाच कारणाने. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकाच डब्यात असतो. दिवाळीत डबा भरतो, मग लग्नाचा आहेर, दवाखाना, माझी फी, सारे त्यातूनच. मार्गशीर्षात माती आणायला काही उरत नाही. दोन डबे ठेवणे हा उपाय ऐकायला पोरकट वाटतो; पण आमच्या घरी त्यासाठी दोन महिने वाद चालला. आता दुसरा डबा आईच्या ताब्यात आहे आणि त्याला हात लावायची आप्पांचीही छाती होत नाही.

सरकारी मदतीविषयी थोडे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेवरची चाके देण्यास आरंभ केला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज मिळण्याची सोय केलेली आहे. या गोष्टी चांगल्याच आहेत. विजेच्या चाकाने खांद्याचे कष्ट वाचतात, माल जास्त निघतो. परंतु माठामागे ८८ रुपये जाणारा कुंभार दुप्पट माठ करू लागला तर त्याचे दुप्पट जातील, हे गणित कोणत्याही चाकाने बदलत नाही. कर्ज घेण्यापूर्वी भाव सांगता आला पाहिजे.

तो सांगायचा कसा? गेल्या उन्हाळ्यात आम्ही निम्मे माठ व्यापाऱ्याला न देता आठवड्याच्या बाजारात स्वतः मांडले. आईने प्रत्येक माठ गिऱ्हाइकासमोर बोटाने वाजवून दाखविला. खणखणीत आवाज आला तर पक्का, बद्द आला तर बाजूला. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने तपासली अशी कथा आहेच. आईची परीक्षा त्यामानाने सोपी! बद्द वाजलेला माठ तिने रोप लावण्यासाठी म्हणून वेगळ्या भावाने विकला, पाण्यासाठी म्हणून खपविला नाही. चांगल्याचे २२० सांगितले. काही गिऱ्हाइके पुढे गेली, काही घासाघीस करून २०० वर आली. सगळा माल त्या दिवशी खपला नाही, तीन माठ परत आणावे लागले. आप्पांनी ते तीन माठ आठवडाभर मोजून दाखविले.

वहीत मात्र एक गोष्ट मी बसवू शकलेली नाही. गावात कोणी वारले की मडके आमच्याकडून जाते. न्यायला आलेला माणूस किंमत विचारीत नाही आणि आप्पा सांगत नाहीत. मातीला, सरपणाला पैसा तर त्यालाही लागतो. मी ते मडके ‘फूट’ या रकान्यात मांडते.