झड, वाफसा आणि दरड

आमच्या नांदुऱ्याला डोंगर नाही. ज्ञानगंगेकाठचा हा सगळा काळ्या मातीचा सपाट मुलूख. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा इकडची माणसे विचारत, एवढा झाडाझुडपांचा डोंगर एकाएकी खाली येतो तरी कसा? याचे उत्तर आपल्या जुन्या घरांत सापडते.

धाब्याची घरे ज्यांनी पाहिली, त्यांना ठाऊक आहे की मातीची भिंत पहिल्या सरीत पडत नाही. तीन-चार दिवसांची झड लागली की ती पाणी पीत जाते, जड होते आणि मग एखाद्या रात्री खचते. कधी कधी तर पाऊस उघडल्यावर! झड लागली की अब्बा आमची अंथरुणे भिंतीपासून दूर, मधल्या खांबाशी घालायला लावत.

शेतकऱ्याला वाफसा कळतो. वाफशावरच्या मातीची मूठ वळते, कारण कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरते. पण सगळ्या फटी भरल्या की तेच पाणी कणांना आतून रेटू लागते आणि त्यांची पकड सुटते. सपाट रानात याचा नुसता चिखल होतो. उतारावर तो चालू लागतो. सह्याद्रीत मातीखाली काळा खडक आहे. मुरलेले पाणी पुष्कळदा त्यावर अडते आणि जिथे पकड हवी, नेमकी तिथेच ती सैल होते.

म्हणून शेवटच्या दिवशी किती कोसळला, एवढेच पाहून भागत नाही. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. २७ मृतदेह हाती लागले; शोध थांबवला तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नाव नव्हते.

वाडीभोवती रान होते, मग झाडांनी डोंगर धरून का ठेवला नाही? मुळे माती शिवून धरतात, हे खरेच. पण तो टाका मुळांच्या खोलीपुरताच. थर त्याखालून सुटला तर झाडे उभीच्या उभी खाली येतात. आणि झाड तोडले तर टाका लगेच उसवत नाही. जमिनीतली मुळे काही वर्षांत कुजतात, मग उसवतो. तोवर तोडणारा विसरलेला असतो.

उतारावर नवी भेग पडणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होणे किंवा आटणे, ही डोंगर हलू लागल्याची चिन्हे. अशा वेळी पाऊस थांबला म्हणून माणसांनी रात्री वाडीत परतू नये. वरचे पाणी तेव्हाही खाली मुरतच असते.