सॉफ्टवेअरमधली चूक सांगायची कुणाला?

काही वर्षांपूर्वी नवजात बालकांच्या एका वॉर्डात संगणकावरचा केसपेपर सुरू झाला. त्यातल्या वजनाच्या रकान्यात दशांश चिन्हच उमटत नव्हतं. 2.4 किलोचं बाळ 2 किलोचं म्हणून नोंदलं जाई. एवढ्याशा बाळाचा औषधाचा डोस वजनावरून ठरतो. नोंदीवर विसंबलं तर तो सहाव्या हिश्शाने कमी पडणार. एका सिस्टरच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, सिस्टीम तशीच आहे." मग त्या खरं वजन पेनाने कार्डावर लिहीत राहिल्या.

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही पाहता येतो, दुरुस्त करता येतो. रुग्णनोंदींसाठी असलेलं 'ओपनएमआरएस' हे त्यातलं मोठं नाव. अमेरिकेतल्या रीगनस्ट्रीफ संस्थेच्या डॉक्टरांनी 2004 मध्ये त्याची सुरुवात केली. केनियातल्या एल्डोरेट भागात एचआयव्हीचे रुग्ण इतके वाढले होते की जुनी नोंदपद्धत पुरेना. त्याच पायावर भारतात 'बाह्मनी' उभं राहिलं. (नाव ऐकून मला 1347 साली दौलताबादेत सुरू झालेली बहामनी सल्तनत आठवली, हे प्रकरण मात्र दवाखान्याचं आहे.) छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात ते आकाराला आलं. नोंदी, प्रयोगशाळा आणि बिलं यांची वेगवेगळी खुली सॉफ्टवेअर त्यात एकत्र जोडली आहेत.

पण कोड खुला असला तरी माणसं नव्याला सामावून घेतीलच असं नाही. लिनक्सच्या जगात शिव्याशाप नेहमीचे होते. 2018 मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ सुट्टी घेतली, आणि त्याच सुमारास तिथे आचारसंहिता आली. ओपनएमआरएसने नवख्यांसाठी सोपी कामं मुद्दाम बाजूला काढून ठेवली. अनुभवी माणसाला ती अर्ध्या तासात उरकता येतील, तरी तो त्यांना हात लावत नाही. 2007 पासून गूगलच्या उन्हाळी उपक्रमातून विद्यार्थीही येतात आणि प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो. शिवाय चाचणी घेणं, भाषांतर करणं, चूक नीट वर्णन करून सांगणं, या गोष्टीही कामच मानल्या जातात.

मला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राउंडला नव्या इंटर्नने भाबडा प्रश्न विचारला आणि सीनियरने सगळ्यांसमोर त्याची खिल्ली उडवली, की तो पुढचे सहा महिने गप्प बसतो. मग पेशंटचा ताप उतरत नसल्याचं दिसलं तरी तो बोलत नाही. आम्ही डॉक्टर याबाबतीत फार सुसंस्कृत आहोत, असा दावा मी करणार नाही. प्रोग्रामरला दशांश चिन्हाचं मोल कळेलच असं नाही. ते वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळतं. तो माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा त्याला काय उत्तर मिळतं, त्यावर तो दुसऱ्यांदा बोलणार का हे ठरतं.

मध्यंतरी त्या सिस्टर भेटल्या. त्यांना मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, इथे चूक सांगितली तर लोक आभार मानतात, ती कुणी दुरुस्त केली तेही दिसतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पण ते इंग्रजीत लिहावं लागेल ना?"

मी हो म्हणालो. भाषांतर मराठी पडद्याचं होतं. तक्रार अजून इंग्रजीतच करावी लागते.