कापूस ग्लुकोजचाच, मग शर्ट पाण्यात का विरघळत नाही?



दहावीला बहुवारिकं शिकवताना फळ्यावर लिहिलं, 'सेल्युलोजचा एकवारिक ग्लुकोज'. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ग्लुकोज तर पाण्यात विरघळतं. कापूसही ग्लुकोजचाच. मग धुतल्यावर शर्ट का विरघळत नाही?"

आपण कापसाच्या मुलखातले, तरी मला उत्तर चटकन सुचलं नाही. साखळी कशाची बनते ते आपण शिकवतो. साखळ्या शेजारी-शेजारी कशा बसतात, ते सांगायचं राहून जातं.

कापसाच्या धाग्यात ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं. एका साखळीत हजारो ग्लुकोज घटक. या साखळ्या सरळ आणि चपट्या असतात. त्या समांतर बसल्या की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एक बंध दुबळा, पण हजारो मिळून पक्की पकड. हा झाला स्फटिक भाग. इथे पाण्याला शिरायला जागाच नाही, म्हणून शर्ट विरघळत नाही.

पण साखळ्या सगळीकडे अशा शिस्तीत नसतात. परिपाठाला मुलं रांगेत उभी असतात आणि मधल्या सुट्टीत कशीही पांगतात, तसे काही भाग विस्कळीत राहतात. हे अस्फटिक भाग. साखळी लांब असल्यामुळे तीच साखळी शिस्तीच्या भागातून निघून विस्कळीत भागात जाते. म्हणून अशा पदार्थाला अर्धस्फटिक म्हणतात. शिस्तीतून बळकटी येते, मोकळ्या जागेतून लवचीकपणा. घाम, पाणी आणि रंग शोषले जातात ते मुख्यतः या मोकळ्या भागात.

इस्त्रीचंही तसंच. पाणी शिंपडलं की ते अस्फटिक भागात शिरतं, तिथले बंध सैल होतात, साखळ्या सरकतात. गरम इस्त्रीने पाणी उडून जातं आणि सपाट स्थितीत नवे बंध जुळतात. झाली कडक घडी!

शेतकऱ्याचा दरही या मांडणीशी जोडलेला आहे. फूल आल्यावर साधारण पहिले तीन आठवडे धागा लांब होतो. पुढे बोंड फुटेपर्यंत आतून सेल्युलोजचे थर चढत जातात. या काळात पाण्याचा ताण पडला किंवा कीड आली, तर थर पातळ राहतात. धागा कच्चा राहतो, पटकन तुटतो, रंगही नीट धरत नाही. हमीभावाच्या खरेदीत लांबीबरोबर 'मायक्रोनेअर' पाहतात, ते धाग्याची जाडी आणि पक्वता सांगणारं माप. अशा प्रश्नांवर आपल्या नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून काम करते आहे.

आता एक प्रयोग. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळतो ते पांढरं सुती सूत घ्या. पॉलिएस्टरचं रीळ नको. सारख्या लांबीचे दहा तुकडे करा, पाच भिजवा, पाच कोरडे ठेवा. एकेका तुकड्याला बाटली टांगून सूत तुटेपर्यंत हळूहळू पाणी ओता. किती पाण्याला तुटलं ते लिहून दोन्हींची सरासरी काढा.

मुलं म्हणतील, ओलं आधी तुटणार. बहुधा उलटच होईल! पाण्यामुळे विस्कळीत साखळ्या थोड्या सरकतात आणि ताण सगळ्यांत वाटला जातो. स्फटिक भाग मात्र जागचा हलत नाही.

तुमच्या वर्गात करून बघा आणि काय झालं ते जरूर कळवा.