परसबाग आणि पाहुणा : आंबोलीच्या संदर्भात

कोकणातील घराची कल्पना चार भिंतींपाशी संपत नाही. पुढील खळे, मागील परस, भोवतालचा जांभ्या दगडांचा गडगा आणि त्यातील बेडे ही सर्व मिळून घर पूर्ण होते. पर्यटनाच्या वाढीबरोबर यांपैकी परस हा सर्वांत खासगी भागही पाहुण्यांना दाखविला जाऊ लागला आहे. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. परसाची राखण पुष्कळदा घरातील वृद्ध माणसे किंवा मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी करतात. त्यांची बाग परक्यास खुली झाली म्हणजे तिच्या स्वरूपात काय पालट होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

खासगी बागा खुल्या करण्याची सर्वपरिचित पद्धती इंग्लंडातील आहे. परिचारिकांच्या कार्यास निधी मिळावा म्हणून 1927 साली तेथे 609 खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन लोकांना दाखविण्यात आल्या. ही प्रथा आजही चालू आहे. तीत बाग मालकाचीच राहते. ठरलेल्या दिवसांपुरते दार उघडते व मग मिटते. दुसरी पद्धती आपल्या शेजारच्या गोव्यात, फोंडा तालुक्यात आढळते. तेथील काही कुळागरे पर्यटकांना नित्य खुली असतात. सुपारी, मिरी, जायफळ, केळी यांचे पीक हाच कुळागराचा मूळ हेतू होय. दोन्ही ठिकाणी बाग आधी स्वतःच्या प्रयोजनाने उभी राहिली. पाहुणा नंतर आला. हा क्रम लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

परसाचे प्रयोजन कोणते? वरवर पाहता तेथे अव्यवस्था दिसते, परंतु प्रत्येक झाडाच्या जागेस कारण असते. न्हाणीचे सांडपाणी जेथे वाहते तेथे केळी व अळू लावतात. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीलिंब व मिरची असते. दोडका व पडवळ मांडवावर चढतात, त्यांच्या सावलीत हळद वा सुरण वाढतो. चुलीची राख, गोठ्यातील शेण आणि झाडलेला पाचोळा पुन्हा मुळांशी जातो. थोडक्यात, घरातून बाहेर पडणारे बहुतेक सर्व काही अन्नरूपाने घरात परत आणणारी ही व्यवस्था आहे.

आंबोलीत या व्यवस्थेस अधिकच अर्थ येतो. सावंतवाडी तालुक्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर, घाटमाथ्यावर वसले असून तेथील वार्षिक पर्जन्यमान सुमारे 7000 मिलिमीटर आहे. एवढ्या पावसाने जांभ्यावरील पातळ मातीतील पोषक द्रव्ये धुऊन जातात. पाचोळा व शेणखत ही त्या झिजेची वार्षिक भरपाई होय. ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून पाचोळा जाळला, तर ही भरपाई थांबते.

पाहुण्याच्या अपेक्षेचा दुसरा परिणाम लिंबाच्या झाडावरून समजतो. 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ‘नीलवंत’ आपली अंडी लिंबू, पपनस अशा लिंबूवर्गीय झाडांवर घालते व त्याच्या अळ्या ती पाने खाऊन वाढतात. फुलपाखरू पाहून हरखणारा पाहुणा कुरतडलेले पान पाहून नाक मुरडतो. त्याला खूश करण्याकरिता औषध फवारले, तर फुलपाखरूच नाहीसे होते. परदेशी फुलझाडे फार तर त्यास मध पुरवितील. अळीला मात्र तिचेच झाड हवे.

लहान, माणसाच्या वावरातील जागेचे मोल आंबोलीत अन्यत्रही सिद्ध झाले आहे. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळील कुंडात सापडलेल्या माशाची ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ही नवी जाती 2020 साली वर्णिली गेली, आणि 2021 साली ते स्थान जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे 2.11 हेक्टर आहे. तसेच 2009 साली वर्णिलेला, आज अतिसंकटग्रस्त गणला जाणारा आंबोलीचा भेक पावसाळ्याच्या आरंभी कातळावरील उथळ डबक्यांत प्रजनन करतो. घरापुढचे असे डबके बुजवून तेथे मोटार उभी करणे पाहुण्यास सोयीचे, परंतु भेकास घातक ठरते. त्यातही अडचण अशी की, आंबोलीत पर्यटकांची गर्दी पावसाळ्यातच होते. म्हणजे भेकाचे प्रजनन, परसातील लागवड आणि पाहुण्यांची वर्दळ हे तिन्ही एकाच ऋतूत येतात.

यावरून परस पाहुण्यांपासून बंद ठेवावा, असा निष्कर्ष निघत नाही. एकाकी वृद्धास पाहुण्याच्या येण्याने चार पैसे मिळतात. शिवाय आपले ज्ञान ऐकणारा कोणी आहे, हे समाधानही लाभते. ते ज्ञान कागदावर नाही. कोणता कंद केव्हा काढावा, कोणते पाणी कोणत्या आळ्यात वळवावे, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणून ठरावीक दिवस, ठरावीक पायवाट आणि लहान गट एवढे बंधन पाळून, बागेची मांडणी न बदलता ती दाखवावी, हेच श्रेयस्कर. पाहुण्यासाठी परस सजविण्यापेक्षा परस कसा वाचावा हे पाहुण्यास शिकविणे अधिक उपयुक्त होय. आपल्या विद्यार्थ्यांनीही अशा परसात प्रथम वही घेऊन जावे, घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव, जागा व कारण नोंदवावे. झाड पुन्हा लावता येते. त्या जागी ते का लावले होते हे सांगणारा माणूस मात्र पुन्हा भेटेलच असे नाही.