वकिलीची पूर्वतयारी : आरंभ आपल्याच पेढीवर

घरातील मुलगा वा मुलगी ‘मला वकील व्हावयाचे आहे’ असे म्हणू लागली, की व्यापारी कुटुंबात दोन प्रश्न उभे राहतात. पेढी कोणी सांभाळावी, आणि वकिलीची तयारी कशी करावी? पहिल्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी शोधावे. दुसऱ्याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध व्यापाऱ्यांनी जुन्या गिऱ्हाइकास माल उधार दिला. संबंध जिव्हाळ्याचे, म्हणून कागद मागण्याचा त्यांना संकोच वाटला. चार वर्षांनी ते वकिलाकडे गेले. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तत्पूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली असती, तर तेथून नवी मुदत सुरू झाली असती. वही चोख होती. परंतु वहीतील नोंद पुराव्यात ग्राह्य असली, तरी केवळ तिच्या आधारे कोणावर देणे लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हा नियम, १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. रक्कम बुडाली. सोबत आलेल्या नातवाने विचारले, “मग आजोबा, वही लिहावयाची तरी कशाला?”

आमच्या मते वकिलीचा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू होतो. वहीला बिलाची, माल पोचल्याच्या पावतीची आणि सहीची जोड लागते, हे ज्या विद्यार्थ्याने पेढीवर डोळ्यांनी पाहिले, त्याला पुराव्याचा कायदा परका वाटत नाही.

दुसरी तयारी भाषेची. आमच्या बेळगाव भागात कनिष्ठ न्यायालयांत कन्नड, उच्च न्यायालयात इंग्रजी, तर कित्येक घरांतील जुने दस्त मराठीत, क्वचित मोडीतही आहेत. तिन्ही भाषांत उतारा वाचून त्याचे सार दहा ओळींत लिहिण्याचा सराव रोज करावा.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. बारावीनंतर पाच वर्षांचा, अथवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. बेळगावचे राजा लखमगौडा विधी महाविद्यालय १९३९ पासून विद्यादान करीत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी बहुतेकांसाठी ‘क्लॅट’ ही प्रवेश परीक्षा आहे. तीत दोन तासांत १२० प्रश्न सोडवावे लागतात आणि उतारा समजून वाचण्यावर भर असतो. पुढे सनदेबरोबरच बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते.

शेवटी पालकांस एक विनंती. ज्येष्ठ वकिलांच्या हाताखालील पहिली काही वर्षे प्राप्ती बेताचीच असते. नवे दुकान पहिल्याच दिवाळीला नफा देत नाही, हे आपणांस ठाऊक आहे. तोच धीर येथेही धरावा. आणि नातवंडाने वहीविषयी प्रश्न विचारला, तर त्यास न दटावता जवळ बसवून वही उघडून दाखवावी.