घटस्फोटाचं प्रमाणपत्र कुठल्या ऑफिसात मिळतं? कर्जत-खालापूरच्या लोकांनी हा कागद नेमका शोधायचा कुठं?

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचा नवरा हयात नाही किंवा ज्यांचा घटस्फोट झालाय, त्यांनी काय करायचं, हा प्रश्न लगेच आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं की, अशा महिलांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश यांची प्रत जमा करावी.

मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मिळतो, हे सगळ्यांना माहिती असतं. पण घटस्फोटाचं प्रमाणपत्र? नेरळ, कशेळे, खोपोली, चौक, गाव कुठलंही असो, बाई आधी ग्रामपंचायतीत जाते. तिथून तहसीलला, तिथून सेतू केंद्रात, आणि शेवटी कुणीतरी सांगतं, "कोर्टात विचारा."

हे शेवटचं उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. कारण कोर्टात म्हणजे कुठल्या कोर्टात, हे कुणी सांगत नाही.

तर आधी मुळातली गोष्ट. जन्माचा किंवा लग्नाचा दाखला असतो तसा घटस्फोटाचा छापील दाखला देणारं ऑफिस आपल्याकडं नाही. इंटरनेटवर शोधलं तर कौंटी क्लर्क, डिव्होर्स सर्टिफिकेट असं बरंच काही येतं, पण ती अमेरिकेतली व्यवस्था. आपल्याकडं लग्न मोडलं ते कोर्टाच्या आदेशानं, आणि तो आदेश हाच पुरावा. त्याचे दोन भाग असतात. न्यायाधीशांनी कारणं देऊन लिहिलेला निकाल म्हणजे न्यायनिर्णय, आणि त्याचा सार सांगणारा, 'अमुक तारखेपासून विवाह विच्छेदित झाला' असं नोंदवणारा हुकूमनामा. वकील आणि कारकून त्याला डिक्री म्हणतात. पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायचं असो, दुसऱ्या लग्नाची नोंदणी असो की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, सगळीकडं 'डिव्होर्स पेपर' म्हणून मागतात तो हाच कागद.

तालुक्याचं कोर्ट की पनवेल?

कर्जतला कोर्ट आहे, खालापूरलाही आहे. त्यामुळं कर्जतच्या माणसाला वाटतं की आपली केस कर्जतच्याच कोर्टात असणार. बहुतेकांची पहिली चक्कर इथंच वाया जाते.

तालुक्याच्या ठिकाणी सहसा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी बसतात. पोटगीचा अर्ज, घरगुती हिंसाचाराची तक्रार या गोष्टी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतात. घटस्फोटाचं तसं नाही. हिंदू विवाह कायद्यात हा अधिकार जिल्हा न्यायालयाला, आणि राज्य सरकारनं अधिसूचनेनं नेमलेल्या इतर दिवाणी न्यायालयांना दिलाय. व्यवहारात हे काम बहुतेक वेळा वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात चालतं. म्हणून कर्जत-खालापूरच्या घटस्फोटासाठी आधी पनवेल आणि अलिबाग ही दोन नावं तपासावीत.

गोंधळ होतो तो इथं. पोटगीच्या तारखांना बाई वर्षानुवर्षं कर्जतच्या कोर्टात गेलेली असते. त्याच काळात नवऱ्यानं पनवेलला घटस्फोटाचा अर्ज टाकलेला असतो. तिच्या लेखी सगळी मिळून 'आमची केस' एकच. कागदोपत्री मात्र दोन वेगळ्या केसेस, दोन वेगळे नंबर, दोन वेगळी कोर्टं.

शिवाय केस रायगड जिल्ह्यातच असेल असंही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लग्न जिथं झालं, समोरचा पक्ष जिथं राहतो किंवा नवरा-बायको शेवटी एकत्र जिथं राहिले, त्यातल्या कुठल्याही ठिकाणी अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतः राहते तिथंही करता येतो. आता कर्जत म्हणजे मध्य रेल्वेच्या लोकलचं गाव. नवरा डोंबिवलीचा, लग्न बदलापूरला, शेवटचं बिऱ्हाड ठाण्यात आणि माहेर भिवपुरीला, अशी गाठ इथं नेहमीची. मग केस ठाण्याच्या किंवा मुंबईत वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात असू शकते, कल्याणला असू शकते, घाटापलीकडं पुण्यातही असू शकते. लग्न कुठं झालं आणि तेव्हा कोण कुठं राहत होतं, एवढं एका कागदावर लिहून काढलं तरी शोध दोन-तीन कोर्टांवर येतो.

मोबाईलवर शोधताना

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी संकेतस्थळ आणि ॲप, दोन्ही मोफत आहेत. राज्य, जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं की केस शोधता येते.

जिल्हा निवडताना लक्ष द्या. महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत, एक रायगडात आणि दुसरा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात. दोन्हीकडं कोर्ट आहे. कर्जत नाव दिसलं की बोट दाबलं, असं केलं तर भलत्याच जिल्ह्यात शोध सुरू राहतो आणि 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं.

नावाचीही गंमत असते. बाईची केस माहेरच्या नावानं आहे की सासरच्या, हे आधी कळत नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग तर टाइप करणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून पूर्ण नाव न टाकता आडनाव किंवा नावाची पहिली काही अक्षरं टाकून पाहावीत. नवऱ्याचं नाव टाकून शोधणं अनेकदा सोपं जातं, कारण ते बदललेलं नसतं. संपलेली केस शोधताना प्रलंबित नव्हे, निकाली म्हणजे 'डिस्पोज्ड' हा पर्याय निवडावा लागतो. केस सापडली की तिचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर लिहून घ्या. तो 'एमएच'नं सुरू होतो. एकदा हा नंबर हाती आला की पुढं नावं, स्पेलिंग, वर्ष यांची कटकट राहत नाही. केसच्या प्रकारातूनही कळतं. दिवाणी न्यायालयात घटस्फोटाच्या अर्जाला सहसा एचएमपी म्हणतात. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत एकतर्फी मागणीचा अर्ज 'ए' आणि संमतीचा अर्ज 'एफ' या अक्षरानं ओळखला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रीनवर 'निकाली' दिसलं म्हणजे घटस्फोट झाला असं नाही.

परस्पर संमतीच्या अर्जात हे फार होतं. दोघं एकत्र जाऊन सह्या करतात, पहिला जबाब होतो, आणि दोघांनाही वाटतं की आता सुटलो. पण कलम १३ ब प्रमाणे काही महिन्यांनी दोघांनी पुन्हा कोर्टासमोर यावं लागतं. ती दुसरी तारीख चुकली, कुणीच गेलं नाही, तर अर्ज गैरहजेरीत काढून टाकला जातो. संगणकात तीही केस 'निकाली'च दिसते. म्हणून निकालाचं स्वरूप वाचावं, अर्ज मंजूर झाला की फेटाळला की काढून टाकला. डिक्री नसताना दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्यानं रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा होऊ शकते. डिक्री असली तरीही घाई नको. अपिलाची मुदत ९० दिवसांची असते. ती संपल्यावर किंवा अपिलाचा निकाल लागल्यावरच दुसरं लग्न करता येतं.

नक्कल कशी काढायची?

संकेतस्थळावर केस दिसली तरी तिथून डिक्री डाउनलोड होईल अशी आशा ठेवू नये. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यांचा तपशील छापायला बंदी आहे. त्यामुळं वैवाहिक प्रकरणांचे आदेश सहसा ऑनलाइन ठेवले जात नाहीत.

पक्षकारानं, म्हणजे नवऱ्यानं किंवा बायकोनं, ज्या कोर्टानं निकाल दिला तिथं नक्कल अर्ज करायचा. अर्जावर केस नंबर, दोन्ही पक्षांची नावं, निकालाची तारीख आणि नेमका कुठला कागद हवाय ते लिहायचं. तिथं 'न्यायनिर्णय आणि हुकूमनामा, दोन्हींच्या प्रमाणित नकला' असं स्पष्ट लिहिलेलं बरं, नाहीतर एकच हातात पडतो आणि दुसऱ्यासाठी पुन्हा पनवेल. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पानांप्रमाणे नकलेची फी लागते, सोबत ओळखपत्र ठेवावं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. साधी झेरॉक्स आणि प्रमाणित नक्कल यात फरक आहे तो शिक्क्याचा. प्रमाणित प्रतीवर अधिकाऱ्याची सही, कोर्टाचा शिक्का आणि अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची, दिल्याची अशा तारखा असतात. अपील करायचं असेल तर या तारखा जपाव्यात, कारण नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते. घटस्फोट मंजूर झाला की कोर्टानं डिक्रीची एक प्रत प्रत्येक पक्षाला विनामूल्य द्यावी, असं कलम २३(४) सांगतं. ही प्रत अनेकदा वकिलानं घेतलेली असते आणि त्याच्या फाइलमध्ये पडून राहते. म्हणून कोर्टाची पायरी चढायच्या आधी जुन्या वकिलाला एक फोन करून पाहावा.

केस जुनी असेल तर जरा धीर लागतो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला, त्यामुळं त्याआधीची प्रकरणं ऑनलाइन न दिसण्याची शक्यता जास्त. निकाली फाइल काही काळानं रेकॉर्ड रूममध्ये जाते. मग अर्ज केल्यावर ती तिथून मागवली जाते आणि नक्कल मिळायला वेळ लागतो. फाइलमधले समन्स वगैरे किरकोळ कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात. निकाल आणि डिक्री हे जास्त जपले जाणारे कागद आहेत, त्यामुळं 'एवढी जुनी फाइल कुठली मिळायला' असं कुणी म्हटलं तरी लेखी अर्ज करावाच. आणि १९८१ च्या आधीचं प्रकरण असेल तर कागदावर रायगड नव्हे, कुलाबा जिल्हा असं लिहिलेलं सापडेल. जिल्ह्याचं नाव तेव्हा बदललं.

माहिती अधिकारात अर्ज टाकून डिक्री मिळेल का, असंही विचारलं जातं. नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कोर्टाच्या नकला कोर्टाच्याच नियमांनुसार मागायच्या. तसंच, ज्याच्याशी लग्न ठरतंय त्याचा आधीचा घटस्फोट खरा आहे का, हे पाहायला मुलीच्या वडिलांना थेट नक्कल मिळत नाही. त्रयस्थ माणसाला कारण देऊन कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. त्यापेक्षा समोरच्याकडूनच प्रमाणित नक्कल मागणं सोपं. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही.

'मी तुला सोडलंय' असं नवरा म्हणाला तर?

काही बायकांना आपला घटस्फोट झालाय हे फोनवर कळतं. नोटीस सासरच्या पत्त्यावर गेलेली असते, ती तिथं राहतच नसते, आणि कोर्टानं एकतर्फी निकाल दिलेला असतो. अशा वेळी ऐकीव गोष्टीवर न थांबता नक्कल काढावी. डिक्री असेलच, आणि समन्स नीट बजावलं गेलं नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. दिवस थोडे असतात. नक्कल अर्ज आणि वकिलाची भेट एकाच आठवड्यात व्हायला हवी.

आणि कधी कधी शोधूनही काहीच सापडत नाही, कारण कोर्टात काही घडलेलंच नसतं. घरात असतो तो शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचा, नोटरीच्या शिक्क्याचा कागद. त्याला सोडचिठ्ठी म्हणतात, फारकत म्हणतात. हिंदू विवाह कायदा लागू असलेल्यांचं, म्हणजे बौद्ध आणि जैनांचंही, लग्न अशा कागदानं मोडत नाही. अपवाद एकच, त्या समाजात घटस्फोटाची जुनी, चालत आलेली रूढी असल्याचं सिद्ध करता आलं तर.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात हा अपवाद लहान नाही. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या इथं जागोजाग आहेत, आणि अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांच्यातली काडीमोड जमातीच्या रिवाजानं, चार जाणत्यांसमोर होते. ती खरी असते, पण तिचा कागद कुठल्याच कोर्टाच्या कपाटात नसतो. अशा बाईला पनवेलला पाठवून उपयोग नाही. योजनेसाठी असेल तर आधी अंगणवाडी सेविका किंवा तहसील कार्यालयाकडं विचारावं की परित्यक्ता म्हणून अर्ज करता येईल का आणि त्यासाठी कुठला दाखला चालेल. कायमचा कागद हवा असेल तर रूढीप्रमाणे विवाह संपला आहे असं जाहीर करून मागणारा दावा करावा लागतो. त्यात रूढीचा पुरावा लागतो, म्हणजे काडीमोडीला हजर असलेली, समाजातली माहितगार माणसं साक्षीला हवीत. ती माणसं वयस्कर असतात, म्हणून हे काम पुढं ढकलू नये.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं.