दिसतंय काय? : स्मार्ट टीव्हीची परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रमाण



मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे आपल्या भागातील छपरांवरही अँटेना उभे राहिले. त्या काळचे एक दृश्य पुष्कळांना आठवत असेल. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि वरून विचारी, "दिसतंय काय?" आतून उत्तर येई, "मुंग्या हाईत अजून!" हा प्रश्न संचाला नव्हे, संचासमोर बसलेल्या माणसाला विचारलेला असे. आजच्या विवेचनाचा धागा तोच आहे.

मी भाषेचा अभ्यासक आहे, तंत्रज्ञ नव्हे. टीव्हीच्या आज्ञावली तपासण्याचे काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला हा विषय समजावून दिला.

स्मार्ट टीव्हीवरील चित्रपट इंटरनेटवरून काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. संच ते तुकडे गोळा करतो, त्यांचे कुलूप उघडतो, आवळलेली चित्रे सोडवतो आणि पडद्यावर मांडतो. यांपैकी कोणतीही पायरी निसटू शकते. शिवाय टायझन, वेबओएस, अँड्रॉइड टीव्ही अशा प्रणाली निरनिराळ्या आणि संचांची प्रारूपे तर असंख्य. आज्ञावलीत बदल झाला की प्रत्येक संचासमोर माणूस बसवणे अशक्य होते. म्हणून एक दुसरी आज्ञावली रिमोटची बटणे दाबल्यागत आज्ञा देते, चित्रफीत सुरू करते आणि संचाची उलटतपासणी घेते.

न्यायशास्त्रातील प्रमाणांचा आधार घेतला, तर या तपासणीच्या पायऱ्या सहज उलगडतात. पहिले शब्दप्रमाण : "चालू आहेस काय?" संच म्हणतो, "आहे." परंतु हे त्याचे केवळ म्हणणे झाले.

दुसरे अनुमान. चित्रफितीचे घड्याळ किती पुढे गेले, हे दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा विचारायचे. फरक दहाच्या आसपास आला तर ठीक. शून्य आला तर चित्रफीत अडकली. सहा आला तर ती मध्येच थांबत होती. तरीही आवाजाबरोबर घड्याळ पुढे सरकत असते आणि पडदा मात्र काळा, असे घडू शकते. म्हणून चित्रे मोजतात. सेकंदाला २५ चित्रांच्या फितीत दहा सेकंदांत २५० चित्रे दिसली पाहिजेत. किती गळली तेही विचारता येते. मात्र हा हिशेबही संचच देतो.

तिसरे प्रत्यक्ष. पडद्याची प्रत आतल्या आत काढून पाहावी, तर संरक्षित चित्रपटाची प्रत बहुधा काळीच येते. चोरी टाळण्यासाठी ते चित्र वेगळ्या, बंदिस्त मार्गाने पडद्यावर जाते. तेव्हा संचासमोर कॅमेरा ठेवावा लागतो. अमेरिकेतील कन्झ्युमर टेक्नॉलॉजी असोसिएशनच्या 'वेव्ह' प्रकल्पात चाचणीच्या फितीतील प्रत्येक चित्रावर क्यूआर कोड छापलेला असतो. कॅमेऱ्याने टिपलेले ते कोड संगणक वाचतो, आणि कोणते चित्र गळले वा क्रम कोठे चुकला हे कळते.

आवाज आणि ओठ यांचा मेळही असाच मोजतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज सुमारे ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तरी जाणवतो. मागे पडला तर मात्र सुमारे १२५ सहस्रांशांपर्यंत लक्षात येत नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, याची आपल्याला सवयच आहे.

खासबागेतल्या श्रोत्यांना याहून जवळचे उदाहरण देतो. यंत्रमागाची खडखड ऐकून माग चालू असल्याचे कळते. कापड नीट विणले जात असल्याचे नव्हे. म्हणूनच अनेक यंत्रमागांवर आडवा धागा तुटताच माग थांबवणारा एक लहानसा काटा असतो. तो मागाची गती पाहत नाही, धागा पाहतो. चांगल्या चाचणीचे मर्म हेच.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. वयोमानाने मला ऐकू कमी येते. मराठी चित्रपट मी पडद्याखालच्या मराठी ओळींच्या आधारे पाहतो. एका संचावर त्या ओळींतील जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेलेली दिसली. याचे कारण समजण्याजोगे आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी 'क' आणि मग वेलांटी असते. पडद्यावर तिला अक्षराच्या पुढे आणणे हे अक्षर रेखाटणाऱ्या यंत्रणेचे काम. ती यंत्रणा अपुरी असेल, तर साठवण निर्दोष राहून वाचन बिघडते. केवळ साठवण पाहणारी आज्ञावली अशा संचाला खुशाल उत्तीर्ण करील! 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पडद्यावर उतरला नाही, तर गुरुजींचे निमंत्रण स्वयंपाक्याला जाईल.

इंग्रजी ओळींवर बेतलेल्या चाचणीत हा दोष सापडणार नाही. या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत. त्यांना माझी विनंती आहे, की चाचणीसाठी वाक्ये निवडताना 'राष्ट्र', 'किल्ला', 'तऱ्हा', 'उद्ध्वस्त' असे शब्द असलेली चार मराठी वाक्ये आवर्जून घाला. त्यांचे पडद्यावरील रूप कॅमेऱ्याने टिपा, आणि एकदा तरी मराठी वाचणाऱ्या माणसाला संचासमोर बसवून विचारा, "दिसतंय काय?"